आमची पिकअप आणि महाडची वाट

दरवर्षी २० मार्चला आमच्या वस्तीतली मंडळी रत्नागिरीहून महाडला चवदार तळ्यावर जातात. वाटेत दापोली तालुक्यातले वणंद म्हणजे माता रमाईचे माहेर, आणि मंडणगड तालुक्यातले आंबडवे म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव. दोन्ही गावे पाहून जायचे तर एक मुक्काम वाटेत करावाच लागतो. चाळीस माणसांना लॉजचा खर्च परवडत नाही. म्हणून वस्तीतल्या एका मित्राची पिकअप आम्ही या प्रवासासाठी सजवली.

पहिल्या वर्षी आमच्याकडून मोठी चूक झाली. हौद्यात गोधड्या अंथरून बायका-मुलांना बसवले. घाटातल्या वळणावर ब्रेक लागला, पाण्याचा ड्रम सरकला आणि आमच्या मावशींचे मनगट मोडले. दवाखान्यात त्या एवढेच म्हणाल्या, "माझा हात बरा होईल रे. पण पुढच्या खेपेला पोरांना मागे बसवू नका." आम्ही मान खाली घालून ऐकले. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पैसे वाचवण्यासाठी आम्ही जीव पणाला लावला होता.

आता माणसे प्रासंगिक करारावरच्या एस.टी.ने जातात आणि पिकअपमध्ये फक्त सामान जाते. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करता येत नाही, म्हणून वेल्डिंग केलेले नाही. लोखंडी पाइपच्या तीन कमानी नट-बोल्टने बसतात आणि परत आल्यावर निघतात. त्यांच्यावर ताडपत्री. दोन्ही बाजूंना फळ्यांचे खण. एकात भांडी, दुसऱ्यात चटया आणि औषधांची पेटी. मुक्कामाला मागचा फाळका उघडला की त्याच्यावर भाकरीचे पीठ मळता येते. २०० लिटरचा ड्रम केबिनला लागून दोरखंडाने आवळलेला असतो. भरला की पाण्याचेच वजन २०० किलो, आणि अर्धा भरला तर वळणावर पाणी हिंदकळून गाडीचा तोल जातो. म्हणून तो रिकामाच न्यायचा आणि मुक्कामाच्या गावी भरायचा. शेगडी गाडीत कधीच पेटवायची नाही. ती उघड्यावर, ताडपत्रीपासून दूर.

जागेचेही तसेच. एका गावी आम्ही न विचारता सरकारी माळावर पथारी पसरली. रात्री काही जण आले आणि म्हणाले, "ही जागा तुम्हाला कुणी दिली?" उत्तर देण्यासारखा कागद आमच्या हातात नव्हता. झोपलेली मुले उठवून निघावे लागले. तेव्हापासून महिनाभर आधी ग्रामपंचायतीला अर्ज जातो, त्याची पोच घेतली जाते आणि परवानगीचे पत्र गाडीच्या खणात राहते. सकाळी जागा झाडून, राख विझवून आणि कचरा पोत्यात भरूनच आम्ही निघतो.

रात्री कंदिलाभोवती मुले बसली की आम्ही त्यांना महाडचा इतिहास सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले, पण ते कागदावरच. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी तर चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे जवळ असून पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मोटारवाले ऐनवेळी नेणार नाहीत या शंकेने बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. शिधासामुग्रीही बाहेरून आणावी लागली. तळे खासगी की सार्वजनिक, हा वाद मग कोर्टात दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

गेल्या खेपेला हे ऐकून सातवीतली एक मुलगी उठली आणि ड्रमचा नळ उघडून ओंजळभर पाणी प्यायली. म्हणाली, "काका, हे पाणी फुकट आहे ना?" आम्ही म्हणालो, "नाही बाळ, याची किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच दिली आहे."

दुसऱ्या दिवशी महाडला मावशी तळ्याच्या पायऱ्या उतरल्या. बऱ्या झालेल्या त्याच हाताने त्यांनी पाण्याला स्पर्श केला.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही वस्तीतून गाडी निघत असेल तर सामान पिकअपमध्ये ठेवा, माणसे एस.टी.त बसवा आणि परवानगीचे पत्र खिशात ठेवा. महाडला भेटूच. जय भीम!