सबुरीचे शहर तुझला

बोस्नियाच्या ईशान्य भागात तुझला नावाचे शहर आहे. तुर्की भाषेत ‘तुझ’ म्हणजे मीठ. जमिनीखालच्या मिठाच्या साठ्यांवरून शहराला हे नाव मिळाले. शहरात खाऱ्या पाण्याचे तलाव आहेत, उन्हाळ्यात तिथे मुलांची झुंबड उडते. मिनारांवरून अजान होते आणि तांब्याच्या छोट्या भांड्यातून कॉफी समोर येते. लोकांच्या बोलण्यात ‘सबुर’, ‘रहमेत’, ‘जेनाझा’ असे शब्द येतात. उस्मानी काळात रुजलेले हे शब्द आपल्याला लगेच कळतात. आपली ‘सबुरी’ही त्याच सब्रमधून आलेली आहे.

या शहरात वर्षानुवर्षे दर महिन्याच्या 11 तारखेला बायकांचा मूक मोर्चा निघत आला. त्यांच्या हातांत उशांचे अभ्रे असत आणि त्यांवर नावे भरलेली असत. ही नावे स्रेब्रेनित्साच्या बेपत्ता पुरुषांची. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरवलेल्या त्या गावात जुलै 1995 मध्ये बोस्नियन सर्ब फौजा शिरल्या. काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. बायका-मुलांना बसमध्ये भरून बाहेर काढण्यात आले. त्यांतल्या हजारोंनी तुझलात आसरा घेतला.

आपल्या घरात मय्यत झाली की गुसल, कफन, जनाजा, शेवटची मूठभर माती, या एकेका पायरीवर मन थोडेथोडे मान्य करत जाते. या बायकांपुढे मय्यतच नव्हती. गुन्हा लपवण्यासाठी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून अवशेष दुसरीकडे पुरले गेले. एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. डीएनए चाचणीने ओळख पटली तरी आईपुढे प्रश्न उरे: मिळाले तेवढे दफन करायचे, की बाकीच्याची वाट पाहायची?

अशा दुःखावर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. युद्ध चालू असतानाच, 1994 मध्ये, तुझलात ‘विवे झेने’ हे केंद्र उभे राहिले. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेविका आणि शिक्षिका तिथे एकत्र काम करू लागल्या. ‘बोसफाम’ या संस्थेत विस्थापित बायका मागावर गालिचे विणत. हात कामात असले की शेजारणीशी बोलणे सोपे जाते. पुढे त्यांनी गमावलेल्यांची नावेही विणली. झेनित्सा शहरात 1993 मध्ये ‘मेडिका’ सुरू झाले. युद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांना तिथे उपचार, समुपदेशन आणि कामाचे शिक्षण मिळाले. या स्त्रियांना मानाने वागवा, असे धार्मिक नेत्यांनीही समाजाला सांगितले. त्या शब्दाने अनेकींना घराचे दार पुन्हा उघडले. युद्धानंतर सरकारनेही मोठ्या मनोरुग्णालयांऐवजी वस्तीजवळ मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याचा मार्ग धरला.

तुझलाहून सुमारे शंभर किलोमीटरवर, स्रेब्रेनित्साजवळ, पोटोचारीचे कब्रस्तान आहे. उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा दिसतात. साडेसहा हजारांहून अधिक जण इथे दफन आहेत. दर वर्षी 11 जुलैला, त्या वर्षी दफनासाठी तयार असलेल्यांचा जनाजा एकत्र निघतो. ज्या घरांना आपली कबर मिळाली, त्यांना निदान फातेहा पढायला एक जागा मिळाली.

आपल्या घरातही कोणी मोठ्या सदम्यानंतर झोप हरवून बसले असेल, तर ‘सब्र करा’ एवढेच म्हणून उठू नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांचे ऐका आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे सोबत जा. दुआसोबत दवाही हवी. तुझलाच्या बायकांनी सबुरी अशीच, एकमेकींच्या सोबतीने, निभावली.