स्टे फुकट मिळत नाही

आमच्या आत्याने दुकानाच्या गाळ्याचा दावा जिंकला, तेव्हा अभिनंदनाचे जितके फोन आले तितकेच घाबरवणारेही आले. “आता तो अपिलात जाईल, स्टे आणेल, मग तुमच्या हयातीत काही गाळा मिळत नाही.” जमिनीचा, घराचा किंवा उसन्या पैशांचा दावा तुमच्याही घरात चालू असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. आत्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढता-उतरता मला जे कळलं, ते म्हणूनच तुम्हाला सांगतेय.

नुसतं अपील दाखल झालं म्हणून निकालाची अंमलबजावणी थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१व्या आदेशातला ५वा नियम हे अगदी सरळ शब्दांत सांगतो. थांबवायची असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि अपिलाच्या कोर्टाला कारण पटवून द्यावं लागतं. स्थगिती नाही मिळाली तर मोठं नुकसान होईल, अर्ज करायला विनाकारण उशीर केलेला नाही आणि शेवटी हरलो तर निकाल पाळू याची हमी किंवा तारण देतो, या तिन्ही गोष्टी कोर्ट बघतं. तोपर्यंत जिंकलेल्या माणसाला दरखास्त दाखल करून ताबा मागायची मोकळीक असते.

आत्या एकाहत्तर वर्षांची. तिच्या मुलाची, म्हणजे आमच्या दादाची, कंपनी बंद पडली आणि त्याला घरच्या गाळ्यात मसाल्यांचं दुकान टाकायचं होतं. भाडेकरू तीस वर्षांपासूनचा, भाडं महिना सहाशे रुपये. गरज खरी आहे हे कोर्टाने मान्य केलं. पण गरज आजची आणि अपील किती वर्षं चालेल कोण जाणे!

आत्याच्या वकीलबाईंनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी नकलेसाठी अर्ज केला आणि वरच्या कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवलं. कॅव्हेट म्हणजे ‘समोरचा काही मागायला आला तर मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असं आधीच सांगून ठेवणं. ते ९० दिवस चालतं. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांची, त्यामुळे निकालानंतर लगेच टाकलेलं कॅव्हेट बहुधा पुरतं. खर्च फार नसतो. मला तरी या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली.

भाडेकरू अपिलात गेला आणि त्याने स्थगिती मागितली. खरं सांगू? त्याची बाजू ऐकताना मला ती अगदीच खोटी वाटली नाही. त्याला आज बाहेर काढलं आणि दोन वर्षांनी अपिलात तोच जिंकला, तर? कायद्यात १४४वं कलम आहे, निकाल फिरला तर घेतलेलं परत करावं लागतं. गाळा परत मिळेलही, पण तुटलेलं गिऱ्हाईक कोण परत देणार? म्हणून ताब्याच्या प्रकरणात कोर्टं बऱ्याचदा स्थगिती देतात. आत्याला हे पटलं नाही. “त्याचं गिऱ्हाईक दिसतं, माझा घरी बसलेला मुलगा दिसत नाही का?” असं ती तिथेच व्हरांड्यात म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं.

पण वकीलबाईंनी ‘स्टे देऊच नका’ एवढ्यावरच भर दिला नाही. द्यायचाच असेल तर अटी घाला, असं त्यांनी मागितलं. त्यासाठी त्यांच्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा २००४चा आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स हा निकाल होता. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधली जागा, जुनं भाडं महिन्याला चारशे रुपयांच्याही आत. स्थगिती हवी तर महिना १५,००० रुपये भरा, अशी अट तिथे घातली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. रिकामं करण्याचा हुकूम झाल्यावर जुन्या भाड्याचा आधार राहत नाही, त्यानंतर जागा वापरायची तर वाजवी मोबदला द्यावा लागू शकतो, असा त्याचा अर्थ. आम्ही शेजारच्या दोन गाळ्यांचे भाडेकरार मिळवून हजर केले. कोर्टाने महिना सहा हजार ठरवले, दहा तारखेच्या आत भरायचे, गाळा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही आणि रक्कम चुकली तर स्थगिती रद्द. पैशांचा हुकूमनामा असता तर ती रक्कमच भरायला किंवा तारण द्यायला सांगितलं असतं.

तुम्ही हरलेल्या बाजूला असाल, तर एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. स्थगितीचा हुकूम मूळ कोर्टाला कळवला जातो, तेव्हापासून तो लागू होतो. बेलिफ उद्याच येणार असेल आणि कागद पोचला नसेल, तर स्थगिती मिळाल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र मूळ कोर्टात द्या. हुकूम पोचेपर्यंत त्यावर भरवसा ठेवून कोर्टाने थांबायचं असतं.

आणि सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो, असा एक मेसेज अजून फिरतो. २०१८च्या एका निकालात तसं म्हटलं होतं खरं, पण २९ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते बाजूला सारलं. आता स्थगिती उठवायची तर अर्ज करावा लागतो. आम्हीही केलाय, पण स्टे उठवायचा नाही, अपील लवकर चालवण्याचा. आत्याचं वय त्यात ठळक लिहिलंय.

भाडेकरू दर महिन्याला पैसे भरतो. दोनदा आठ तारखेला, एकदा अगदी दहाला, पण भरतो. ते कोर्टातून काढायची परवानगी मिळाली आणि त्यातून दादाने दळणयंत्र घेतलंय. सध्या मसाले घरच्या मागच्या खोलीतच होतात. पुढची तारीख जूनची आहे.