टेबलावरचा निसर्ग

मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगावला धुळ्याचा फाटा फुटतो. तेथील स्थानकाजवळच्या घरात कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला कोंडून घेऊन राहिले. तरीही त्यांच्या छायाचित्रांत निसर्गदृश्ये आहेत. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश हवा तसा वळवायचा आणि भिंगातून विस्तीर्ण भूदृश्याचा प्रत्यय घडवायचा, ही त्यांची 'टेबल टॉप' रीत. 'निसर्गापासून प्रेरणा' हा समीक्षेतील सैल शब्दप्रयोग येथे अडखळतो. दाराबाहेर न पडणाऱ्या या कलावंतापाशी निसर्ग होता तो दृश्याच्या नियमांच्या रूपाने : जवळचे ठळक, दूरचे फिके.

संगणकाच्या पडद्यावर थरावर थर चढवून झाड रंगवणारा आजचा चित्रकार याच कुळातला. मात्र मूस यांच्या टेबलावरील सावलीला प्रकाशाचा नियम मोडता येत नव्हता. पडद्यावरील सावलीला येतो. चुकलेली रेषा तेथे क्षणात पुसता येते, पण ती चुकली आहे हे यंत्र सांगत नाही. पूर्वी कधी निरखलेले झाडच ते सांगते. तेव्हा अशा चित्राला 'कृत्रिम' ठरवण्यापूर्वी समीक्षकाने त्यामागील निरीक्षणाचा कस पाहिला पाहिजे.