सासूबाईंबरोबर युरोप

रायपूरच्या समता कॉलोनीत मे महिन्यात बोलायला दोनच विषय असतात. एक नवतपा, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होणारे ते भाजून काढणारे नऊ दिवस, आणि दुसरा, सुट्टीत कोण कुठे चाललंय. २०२५ मध्ये दुसऱ्या विषयात आमचं नाव होतं. मी, माझे यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे युरोपला निघालो होतो. आम्ही तिघे जाणार म्हटल्यावर लोक खूश व्हायचे. आईही येणार हे कळलं की आवाज खाली यायचा, "त्यांना झेपेल?" हा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी येईल, म्हणून हे लिहिते आहे.

आईंचे दोन्ही गुडघे दुखरे. रक्तदाबाची गोळी रोजची. पण मन पक्कं. आपली एक मुदत ठेव मोडून त्यांनी स्वतःचा खर्च स्वतः भरला. "मी तुमचं सामान म्हणून येत नाही, तिकीट काढून येतेय," असं सांगून त्यांनी घरातली चर्चा संपवली.

आमच्या ओळखीची बरीच मंडळी ग्रुप टूरने जातात. पंधरा दिवसांत आठ-दहा देश, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रात्री वरण-भात. त्यात वाईट काहीच नाही. पण रोज पहाटे उठून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि पुन्हा बसमध्ये बसायचं, हे दुखऱ्या गुडघ्यांना नको होतं. तुम्ही बसने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथल्या कायद्याप्रमाणे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर तो चालवू शकत नाही. "भैया, थोडा और" हा आपला मंत्र तिथे चालत नाही. मला तर ही पद्धत फार आवडली.

आम्ही स्वतःच बेत आखला. पॅरिसला ४ रात्री, झुरिकला २, इंटरलाकेनला ४, व्हेनिसला २ आणि रोमला ३. एकूण १५ रात्री आणि तीन देश. मुलाच्या मते चार, पण ते पुढे येईलच.

व्हिसाची भीती बाळगू नका, पण घाईही करू नका. शेंगेन व्हिसा एकच असतो आणि तो ज्या देशात तुमच्या सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे मागायचा. आमच्या सहा रात्री स्वित्झर्लंडमध्ये होत्या म्हणून आम्ही स्विस व्हिसा घेतला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना ९० युरो शुल्क, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, यावर आमचे चिरंजीव नाराज झाले होते.

आता सामान. मे महिना, म्हणजे आंबे. पॅरिसमध्ये आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे, त्यांच्यासाठी आईंनी डझनभर आंबे काढून ठेवले होते. ते घरीच राहिले. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही, म्हणजे तूप आणि पेढेही नाहीत, आणि आंब्यासारखी ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मग आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे आणि लिंबाचं लोणचं घेतलं. प्रत्येक गावी छोटं स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती, त्यामुळे सकाळी पोहे आणि रात्री भात घरचाच. शाकाहारी माणसाला युरोपात उपाशी राहावं लागत नाही, पण पिझ्झा आणि चीज रोज खाऊन पोट कुरकुरतं.

विमानतळावरच्या व्हीलचेअरवरून आमच्यात थोडी वादावादी झाली. "मी काय आजारी आहे?" हा आईंचा सवाल. पण मोठ्या विमानतळांवर कधी कधी किलोमीटर-दीड किलोमीटर चालणं होतं. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवलं की ही सेवा फुकट मिळते. मुंबईला आई तोंड फिरवून बसल्या. पॅरिसला उतरल्यावर रांगेच्या पुढून नेलं, तेव्हा त्यांनी वळून आमच्याकडे असं बघितलं, की आम्हीच त्यांच्याबरोबर आलो आहोत.

पॅरिसबद्दल तुम्ही खूप वाचलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. आयफेल टॉवर १८८९ सालचा, फक्त २० वर्षांच्या परवानगीवर उभा केलेला. वर बिनतारी संदेशाची यंत्रणा बसवली म्हणून तो वाचला. लिफ्टची तिकिटं साधारण ६० दिवस आधी ऑनलाइन मिळू लागतात, ती घरूनच काढा. नोत्र दाम चर्च २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं आहे आणि प्रवेशाला पैसे नाहीत. मेट्रो मात्र ज्येष्ठांना घेऊन टाळाच. बहुतेक स्टेशनं जुनी, लिफ्ट नाही, जिनेच जिने. आम्ही सगळीकडे सिटी बसने फिरलो. बसला उतरता रॅम्प असतो, आणि खिडकीतून शहरही दिसतं.

आईंची खरी अडचण वेगळीच होती. मेअखेरीस पॅरिसला सूर्य मावळतो रात्री साडेनऊनंतर. पन्नास वर्षं तिन्हीसांजेला दिवा लावणारी बाई, तिला संध्याकाळच सापडेना! खोलीत आगीची सूचना देणारी यंत्रणा, म्हणजे निरांजन-उदबत्तीचा प्रश्नच नाही. शेवटी त्यांनी घड्याळात सात वाजले की हात जोडून शुभंकरोती म्हणायचं ठरवलं. बाहेर लख्ख ऊन, आणि आत आजी-नातू शुभंकरोती म्हणताहेत.

पॅरिसहून झुरिक रेल्वेने चार तासांवर. तिथून एका दिवसात ऱ्हाईनचा धबधबा बघून येता येतो. युरोपातल्या मोठ्या धबधब्यांत त्याची गणना होते. रुंदी १५० मीटर, उंची २३ मीटर. मधल्या खडकापर्यंत बोट जाते. सगळे "वाव" करत होते आणि आई शांत. मग म्हणाल्या, "आपला चित्रकोट मोठा आहे." मुलाने तिथेच मोबाइलवर शोधलं. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ इंद्रावतीवरचा चित्रकोट साधारण २९ मीटर उंच आणि भर पावसाळ्यात जवळजवळ ३०० मीटर रुंद होतो. आजी जिंकली.

पण ऱ्हाईनचा धबधबा नेमका आपल्या उन्हाळ्यात भरतो, कारण तेव्हा आल्प्सचा बर्फ वितळत असतो. आपला चित्रकोट त्याच दिवसांत दोन-चार धारांवर येतो. आणि झुरिकहून निघून धबधब्याजवळच्या स्टेशनावरून लिफ्टने खाली उतरता येतं, म्हणून गुडघे दुखणारी बाई तिथे पाण्याच्या तुषारात उभी राहू शकते. रायपूरच्या माणसाने ऱ्हाईन जरूर बघावा, चित्रकोटही बघावा. मात्र चित्रकोटला ऑगस्ट-सप्टेंबरात जा.

इंटरलाकेनला आमचे चार दिवस होते. गावात यश चोप्रांचा पुतळा आहे, त्याच्याबरोबर फोटो काढणाऱ्यांत निम्मे आपलेच लोक. इथली मोठी सहल म्हणजे युंगफ्राउयोख, ३,४५४ मीटर उंचीवरचं रेल्वे स्टेशन. १८९६ साली डोंगराच्या पोटातून बोगदा खणायला सुरुवात झाली आणि १९१२ साली गाडी वर पोहोचली. खणणारे मजूर बहुतेक इटलीतून आलेले, त्यातले कित्येक परतले नाहीत. ज्यांनी ही कल्पना मांडली ते आडोल्फ गुयर-त्सेलर १८९९ मध्येच वारले, त्यांनाही ती गाडी बघायला मिळाली नाही. तिकीट महाग आहे, खिशाला चांगलाच चटका बसतो. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सवलत मिळते, आणि पासधारक आई-वडिलांबरोबर फॅमिली कार्डावर सोळा वर्षांखालील मुलांना पासच्या मार्गांवर फुकट प्रवास करता येतो.

निघण्याआधी रायपूरच्या डॉक्टरांनी आईंना तपासून सांगितलं होतं, दोन हजार मीटरपर्यंत निर्धास्त जा, त्यावर गेलात आणि डोकं दुखलं किंवा धाप लागली तर लगेच खाली उतरा. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर. वर हवेचा दाब दोन-तृतीयांशच उरतो. आम्ही दातेरी रुळांवरच्या गाडीने क्लाइने शाइडेगला पोहोचलो, २,०६१ मीटरवर. इथे गाडी बदलायची असते. प्लॅटफॉर्मच्या समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ, तिन्ही डोंगर इतके जवळ की मान वर करावी लागते. आईंनी एक बाक बघितलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथेच. इथून सगळं दिसतंय. तुम्ही जा."

त्यांना एकटं कसं सोडणार? हे आणि मुलगा वर गेले, मी थांबले. खरं सांगायचं तर मला वर जायचं होतं. दोन वर्षं मी त्या बर्फाचे फोटो बघत होते. आईंनी ते ओळखलं. "तुला जायचं होतं ना?" मी हो म्हटलं. "पुढच्या वेळी जाशील. डोंगर कुठे पळतोय," त्या म्हणाल्या.

तीन तास होते. लग्नाला माझ्या सतरा वर्षं झाली, पण आम्ही दोघी तीन तास कुठलंही काम हातात नसताना कधी बसलो नव्हतो. मी थर्मासमधला चहा ओतला. गाड्या येत होत्या, मिनिटाच्या हिशोबाने सुटत होत्या. आई त्या बघत होत्या आणि मध्येच सांगायला लागल्या.

१९७५ साली लग्न होऊन त्या सातारकडून रायपूरला आल्या. तेव्हा हे मध्यप्रदेश. हिंदी येत नव्हती, छत्तीसगढी तर दूरच. भाजीवाली दारात येऊन "पताल, पताल" ओरडायची, आईंना वाटायचं लुगडी विकायला आली आहे, पातळं. टोमॅटोला इथे पताल म्हणतात हे कळायला आठवडा गेला. हे सगळं आमच्या घरात हसत-हसत सांगितलं जातं, मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात एका दुपारी, घरी कुणी नसताना, त्या एक पिशवी भरून रिक्षाने रायपूर स्टेशनवर गेल्या होत्या. माहेरी निघून जायचं म्हणून. मुंबईकडची गाडी चार तास उशिरा होती. त्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिल्या. तासाभराने शेजारच्या एका छत्तीसगढी बाईने त्यांना आपल्या डब्यातलं खायला दिलं, काय बोलली ते कळलं नाही. खाल्लं आणि घरी परत आल्या. सासरे कामावरून यायच्या आत चहा ठेवला होता. कुणालाच कळलं नाही.

मी काय बोलणार? समोर हिरवी-पिवळी गाडी शिट्टी न वाजवता ठरल्या वेळेला सुटली. आई म्हणाल्या, "आपल्याकडच्या गाड्या अशा वेळेवर असत्या ना, तर मी गेलेच असते. मग तू कोणाची सून झाली असतीस?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाजूचा एक जपानी माणूसही हसायला लागला.

हे दोघे खाली आले. मुलाचे गाल लाल, बूट ओले, बोलणं थांबेना. "तुम्ही काय केलंत?" यांनी विचारलं. "चहा प्यायलो," आई म्हणाल्या. स्टेशनची गोष्ट यांना अजून माहीत नाही. इथे लिहायची परवानगी मी आईंकडून घेतली आहे, तेव्हा आता कळेलच.

व्हेनिसबद्दल एकच सूचना. हे शहर शंभराहून जास्त बेटांवर वसलंय आणि चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या. चाकांची बॅग इथे डोक्याला ताप. रेल्वे स्टेशनजवळच राहा. एक नंबरची बस-बोट मोठ्या कालव्यातून सान मार्कोपर्यंत सावकाश जाते. चौघांना ती गोंडोलापेक्षा स्वस्त पडते, असा माझा हिशोब. आईंनी पूल चढण्याऐवजी तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडे बघत बसणं पसंत केलं. त्या भाजीची ट्रॉली घेऊन पायरी-पायरीने पूल चढत होत्या. "यांचे गुडघे काय खातात?" असा त्यांचा प्रश्न होता.

रोमला उकाडा होता, पण नवतप्याची सवय असलेल्यांना तो किरकोळ. रस्त्यात जागोजागी लोखंडी नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात. पाणी थंड, पिण्याजोगं आणि फुकट, तेव्हा रिकामी बाटली जवळ ठेवा. २०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष होतं, ते साधारण २५ वर्षांनी येतं, आणि नवे पोप लिओ चौदावे महिन्यापूर्वीच निवडले गेले होते, त्यामुळे व्हॅटिकनला तुफान गर्दी. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. हाफ पँटमधले कित्येक पर्यटक दारातच अडले. आई सुती साडीत, पदर सावरून, सरळ आत.

मुलगा मात्र व्हॅटिकनच्या चौकात पासपोर्ट घेऊन उभा होता. त्याला प्रत्येक देशाचा शिक्का हवा होता. शेंगेनमध्ये आत येताना एक आणि बाहेर पडताना एक, एवढेच शिक्के मिळतात, हे आम्ही त्याला पंधरा दिवस समजावत होतो. ४४ हेक्टरचा तो देश, सीमा म्हणजे जमिनीवरची पांढरी रेघ. त्याने ती पाच-सहा वेळा ओलांडली आणि वहीत चौथा देश लिहून टाकला. रोमच्या विमानतळावरचा शिक्का त्याने जपून ठेवला आहे, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठशांची डिजिटल नोंद सुरू झाली. पुढच्या वेळी तोही मिळणार नाही.

माना विमानतळावर उतरलो तेव्हा नवतपा संपला होता, पण गरम वारा होताच. आईंनी आधी चप्पल बदलली, मग विचारलं, दूधवाल्याला सांगितलंय ना आज आलोय म्हणून?