मऊ पायडल

ब्रेक बहुतेक वेळा एकाएकी फेल होत नाही. तो आधी मऊ होतो. सांगत असतो. आपण ऐकत नाही.

पेपरात छापून येतं — ‘ब्रेक निकामी झाल्याने’. माझ्या चुलत्याची बातमीही तशीच आली. चार ओळी. कळंब तालुक्यातनं ऊसतोडीला निघालेली टोळी. ट्रकात भांडीकुंडी, लेकरं, त्यावर माणसं. चुलत्याचा पाय गेला. ड्रायव्हर आठ दिवस मुकादमाला सांगत होता, पायडल खाली जातंय. मुकादम म्हणायचा, ‘पंप मार, लागतोय की.’ हे बातमीत नव्हतं.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. कविता लिहितो. गाडीचं काम शिकलो ते पाळी सुटल्यावर, एका गॅरेजात. मिस्त्री पाने द्यायला सांगायचा, पण ड्रम उघडला की माझ्याकडं पाठ करायचा. आडनाव कळल्यापासून. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. उरलेलं पुस्तकातून, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

यंदा २२ फेब्रुवारीला कसबे तडवळ्याला जायचं ठरलं. १९४१ साली २२ आणि २३ फेब्रुवारीला बाबासाहेब तिथं महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वस्तीतली माणसं, म्हाताऱ्या बाया, आणि एक जुनी डिझेल जीप. दोन दिवस आधी बॅनर आणायला सोलापूरला निघालो. तुळजापूरचा घाट उतरताना पायडल पार तळाला टेकलं. ड्रायव्हर पोरानं दोनदा पंप मारला. लागला ब्रेक. हसून म्हणाला, ‘असंच हाय दादा हिचं.’

मला चुलता दिसला.

२१ च्या संध्याकाळी जीप समाजमंदिरापुढं उभी केली. मित्रांनो, पुढचं ध्यानात ठेवा. आपण सभेला जातो ते अशाच गाड्यांतून.

आधी तेलाची डबी बघितली. निम्मी रिकामी, तेल काळं. ब्रेकचं तेल डिझेलसारखं जळून संपत नाही. लायनर झिजले तर पातळी थोडी उतरते. भराभर उतरली तर कुठंतरी गळतंय. नुसतं वरून भरून भागत नाही. आणि इंजिनचं ऑईल तर त्यात कधीच ओतायचं नाही, आतली रबरं फुगून जातात.

मग पायडल. इंजिन बंद. एकदा सावकाश दाबायचं. खोल जाऊन दगडासारखं टणक लागलं, तर शू आणि ड्रममधली फट वाढलीय, ॲडजस्ट करायची. रबरी चेंडू दाबल्यासारखं लागलं, तर पाइपात हवा. तेल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर हवा खाऊन टाकते. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा दाबल्यावर पायडल वर येतं, म्हणून ते बरं झालं असं नाही.

मग दाबून धरायचं. साठपर्यंत मोजायचं. पाय हळूहळू खाली जात राहिला आणि बाहेर कुठं ओल नसली, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली. आमचं पायडल खाली गेलं. पण ओल सापडली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, टायरवर. ड्रम काढला. व्हील सिलिंडरचं टोपण उचलताच तेल ओघळलं. लायनर भिजून चिंब. तसला लायनर पेट्रोलनं पुसून परत बसवायचा नसतो. बदलायचा. दोन्ही बाजूंचा.

पैसे? जयंतीची वर्गणी होती. हार, स्पीकर, बॅनरची. मी म्हटलं, यातून घ्या. पोरं भडकली. ‘तुझ्यामुळं उशीर होणार. एक दिवसाचं तर काम हाय. लागतोय की ब्रेक.’

तेच शब्द. मुकादमाचे. आमच्याच पोरांच्या तोंडात, निळा गमचा गळ्यात.

तिथं मी ओरडलो. दुसऱ्याच्या जिवावर ‘लागतोय की’ म्हणणारे आपल्याला पिढ्यान्पिढ्या माहीत आहेत. आपण ते म्हणायला लागलो तर कशाला जायचं तडवळ्याला?

दुकान दहाला उघडलं. निम्मी माणसं सकाळीच एस.टी.नं गेली. सिलिंडर, लायनर, ताजं तेल आणलं. बाटली सीलबंदच घ्यावी. हे तेल हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरलेलं तेल लांब उतारावर लवकर उकळतं. त्याची वाफ झाली की पायडल पुन्हा मऊ. मग हवा काढली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. एकानं पायडल दाबायचं, दुसऱ्यानं निपल सोडायचा, पाय उचलायच्या आत निपल बंद. बुडबुडे थांबेपर्यंत. डबी मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

हार घालायचा कार्यक्रम हुकला. पोरं अजून बोलत नाहीत माझ्याशी नीट.

निघताना चुलता पुढं बसला. कुबडी मांडीवर. ड्रायव्हर पोराला म्हणाला, ‘दाब.’ त्यानं दाबलं. ‘धर.’ धरलं. चुलत्यानं साठपर्यंत मोजलं, मोठ्यानं. मागच्या बाया गप्प ऐकत होत्या.

मग म्हणाला, ‘हं. आता चल.’