ताण

मागच्या शनिवारी गावी, पाचोडला गेलो होतो. म्हटलं दोन दिवस जरा शांत बसू. पुण्यात ते जमत नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मीटिंग, मीटिंगमध्ये चॅट, आणि रात्री साडेअकराला "क्विक कॉल?"

पण पाचोडला तरी शांतता कुठे? गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, ट्रक रात्रभर चालू. मोसंबीच्या हंगामात तर लिलावाचा गलका विचारू नका!

सकाळी बाबांबरोबर बागेत गेलो आणि चरकलोच. झाडं मलूल, पानं पिवळी, खाली पानांचा सडा.

"बाबा, मोटार जळाली का?"

"अरे, बाग ताणावर सोडलीय."

शेतकऱ्याचा मुलगा असून विसरलो होतो! आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात मोसंबीचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी जमिनीत दोन महिने किंवा जास्तच. नवी पालवी थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं. मग आंबवणीचं हलकं पाणी द्यायचं, पुढे हळूहळू वाढवायचं, की झाड फुलतं. सतत पाणी दिलं तर झाड नुसतं हिरवंगार राहतं, एकदम बहार काही येत नाही.

गंमत बघा, ऑफिसात आपण ताण म्हणतो ते याच्या बरोबर उलटं. तिथे पाणी कधी तुटतच नाही.

मी हे बोललो तर बाबा म्हणाले, "विहिरीत पाणी असल्याबिगर ताण द्यायचा नसतो. नाहीतर बारा-तेरासारखं होतं."

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या. आमचीही त्यातच गेली. बाबांनी स्वतः कुऱ्हाड चालवली होती. तेव्हा ताण तोडायला पाणीच नव्हतं.

येताना बसमध्ये तेच डोक्यात. मी आजवर सुट्टी घ्यायचो ती पार वाळल्यावर. म्हणून मग परत आल्या आल्या आधी विहीर बघितली :) म्हणजे टीममध्ये बोलून घेतलं: रात्री नऊ ते साडेनऊ मी नाही, काही पेटलंच तर दुसरा बघेल. त्याचं मी सकाळी बघतो. फोन कपाटात, मी गच्चीत. खाली हॉर्न वाजतच असतात.

पहिले दोन दिवस हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. तिसऱ्या दिवशी एकदम आठवलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय, दोन दिवस घरी राहून मी तिला एका शब्दाने विचारलं नाही! साडेनऊला फोन लावला. बराच वेळ बोललो. शेवटी बाबांनी फोन घेतला.

"पाणी कधी सोडताय?" मी विचारलं.

"अजून आठ-दहा दिवस. तुला कसली घाई?"

खरंच, कसली घाई...