पोटातली गोष्ट

वडील आतड्याच्या कर्करोगाने ५२ व्या वर्षी गेले. मला ४७ वे चालू आहे. म्हणून मागच्या दिवाळीनंतर पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा ती गोष्ट मी पोटातच ठेवली. हा वाक्प्रचार मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. त्याचा खरा अर्थ मात्र समजला तो कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांचा खडखडाट ऐकत जागवलेल्या रात्रींत.

श्रावणात हिच्या ध्यानात आले, नि हिने डॉक्टरांकडे नेलेच. रक्त तपासले, आतड्याला सूज असली की विष्ठेत वाढणारे कॅल्प्रोटेक्टिन मोजले, वडिलांचे ऐकल्यावर दुर्बीणही घातली. सगळे निर्दोष! आणि गंमत पाहा, सुटकेबरोबर थोडा अपमानही वाटला. मग दुखत होते ते काय खोटे?

डॉक्टरांनी कागद बाजूला सारले नि नुसतेच विचारू लागले. आठवड्यातून एकदा तरी दुखते? किती महिने? शौचाला जाऊन आल्यावर फरक पडतो? खेपा बदलल्या? मग ब्रिस्टलचा १९९७ सालचा सात चित्रांचा तक्ता पुढे आला. जन्मभर दुसऱ्यांना गुण दिले. स्वतःला 'सहा' देताना पंचाईत झाली! २०१६ च्या रोम निकषांत मी चपखल बसलो. आतड्याची घडण शाबूत, मेंदूशी त्याचे बोलणे तेवढे बिघडलेले : 'इरिटेबल बॉवेल'.

"दुखणे खरेच आहे," डॉक्टर म्हणाले.

परतताना रिक्षात ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही भीती नऊ महिने पोटात वागवलीत, आणि मला पत्ता नाही!"

मी बाहेरचे ट्रक मोजत राहिलो.